मेलिसा एथरिज आणि ‘हे सांगायची गरज काय’ हा प्रश्न

एखाद्या कलाकाराने आपण समलिंगी आहोत असं उघडपणे सांगितलं की आपल्याकडे एक प्रतिक्रिया हमखास येते, आम्हाला काही प्रॉब्लेम नाही हो, पण हे जाहीर करायची गरज काय, ही तिची खासगी बाब आहे, आम्हाला गाण्याशी मतलब. असं बोलणारी माणसं बहुतेक वेळा वाईट नसतात. आपण फार समजूतदारपणे बोलतोय असं त्यांना मनापासून वाटत असतं, आणि म्हणूनच ह्या वाक्याला नीट उत्तर द्यायला हवं, कारण शिव्या देणाऱ्याचं तोंड सगळ्यांना दिसतं पण ह्या वाक्यात काही चुकतंय हे पटकन लक्षातच येत नाही. मला ह्याचं सगळ्यात चांगलं उत्तर मेलिसा एथरिजच्या आयुष्यात सापडतं, म्हणून तिच्याबद्दल थोडं सविस्तर सांगते.

मेलिसा अमेरिकन रॉक गायिका, गाणी स्वतःच लिहिते, चालही स्वतःचीच, बारा तारांची गिटार घेऊन स्टेजवर उभी राहते आणि घोगऱ्या, ताणलेल्या आवाजात गाते. 29 मे 1961 चा जन्म, गाव कॅन्सस राज्यातलं लेव्हनवर्थ. हे गाव अमेरिकेत दोन गोष्टींसाठी माहीत आहे, मोठा तुरुंग आणि लष्कराचा तळ. वडील शाळेत शिकवायचे. आठव्या वर्षी हातात गिटार आली आणि शाळेत असतानाच ती मोठ्या माणसांच्या कंट्री बँडमधून गायला लागली, तिथल्या तुरुंगातल्या कैद्यांसमोरसुद्धा तिने लहान वयात गाणी म्हटली आहेत. पुढे बॉस्टनच्या बर्कली म्युझिक कॉलेजात गेली, ते अर्धवट सोडलं, आणि 1982 च्या सुमारास लॉस एंजेलिस गाठलं.

आता इथला भाग महत्त्वाचा आहे. लॉस एंजेलिसला आल्यावर तिला काम मिळालं ते आसपासच्या बायकांच्या बारमध्ये, पॅसाडिनात, लाँग बीचला. म्हणजे जिथे समलिंगी बायका संध्याकाळी एकत्र यायच्या असे बार. वर्षानुवर्षं ती तिथे एकटी गिटार घेऊन गायची, स्वतःची गाणी त्यांच्यासमोर म्हणून बघायची, कुठलं चालतं कुठलं पडतं ते तिथेच कळायचं. तिथे कोणापासून काही लपवायचा प्रश्नच नव्हता. गंमत म्हणजे ऑलिव्हिया रेकॉर्ड्स नावाची एक कंपनी होती, 1973 मध्ये बायकांनीच सुरू केलेली, बायकांच्या संगीतासाठी, आणि चालवणाऱ्या बहुतेक लेस्बियनच. मेलिसाने 1985 मध्ये त्यांना डेमो पाठवला आणि त्यांनी तिला नाही म्हणून कळवलं. ते नकाराचं पत्र तिने जपून ठेवलं. मला हा किस्सा आवडतो कारण ‘आपली म्हणून घेतलं’, ‘लॉबी असते त्यांची’ असं जे सरसकट बोललं जातं त्याला तो परस्पर उत्तर देतो. तिला शेवटी साइन केलं ते ख्रिस ब्लॅकवेलने, आयलँड रेकॉर्ड्सचा मालक, ज्याने बॉब मार्लीला जगभर पोचवलं तोच. तो 1986 मध्ये लाँग बीचच्या ‘के सेरा’ ह्या बारमध्ये येऊन तिला ऐकून गेला, आणि तो बार कसला आहे हे त्याला दिसत होतंच.

1988 मध्ये पहिला अल्बम आला. त्याच्या आधी एकदा सगळा रेकॉर्ड करून झाला होता पण ब्लॅकवेलला तो फार गुळगुळीत वाटला, सिंथेसायझर वगैरे घालून सजवलेला, म्हणून तो बाजूला ठेवला आणि मोजकी वाद्यं घेऊन थोड्याच दिवसांत पुन्हा केला, आणि तोच खरा लोकांना भिडला. 1989 च्या ग्रॅमी समारंभात तिने स्टेजवर गाऊन दाखवलं. गाणी प्रेमाची, मत्सराची, कोणीतरी सोडून गेल्याची, पण सगळी ‘तू’ला उद्देशून, तो की ती कुठेच येत नाही. इंटरव्ह्यूमध्येही तेच, जोडीदाराबद्दल बोलताना शब्द असे निवडायचे की समोरच्याला काही अंदाज येऊ नये. सांगायला सोपं वाटतं पण विचार करा, रोज, प्रत्येक वाक्याला, वर्षानुवर्षं. लपवणं म्हणजे काही न करणं असं आपण समजतो, प्रत्यक्षात ते रोजचं काम आहे, आणि ते फक्त काही माणसांनाच करावं लागतं.

मग मला प्रश्न पडतो की हे गुपित नक्की कोणापासून होतं? बारमधल्या बायकांना माहीत, बँडमधल्या पोरांना माहीत, कंपनीच्या मालकाला माहीत, घरच्यांना माहीत. माहीत नव्हतं फक्त दुकानात जाऊन कॅसेट विकत घेणाऱ्याला आणि पेपर वाचणाऱ्याला. म्हणजे ती जी काळजी घेत होती ती स्वतःच्या खासगीपणाची नव्हतीच, ती ऐकणाऱ्याच्या मनाची होती, त्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. आपण जेव्हा ‘खासगी ठेवा’ म्हणतो तेव्हा असंच काहीसं मागत असतो.

त्या काळात रॉकमध्ये उघडपणे बोलायची पद्धतच नव्हती म्हणा. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला, तिथेच पहिला बँड काढलेला फारोख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगभर गाजला, त्याच्याबद्दल आपल्याकडे अजून अभिमानाने बोललं जातं. स्टेजवर त्याच्याइतका मोकळा माणूस झाला नसेल, पण आपल्या नात्यांबद्दल तो जाहीरपणे कधी सरळ बोलला नाही. आपल्याला एड्स झालाय हे त्याने 23 नोव्हेंबर 1991 ला निवेदन काढून सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. त्याला दोष देण्यासाठी हे लिहीत नाहीये. ब्रिटनमधले पेपर त्याच्या घराबाहेर तळ ठोकून होते आणि बोलायचं की नाही हा सर्वस्वी त्याचा प्रश्न होता. पण एवढं यश, एवढा पैसा असलेल्या माणसालाही गप्प राहणंच बरं वाटलं, हे त्या काळाबद्दल बरंच काही सांगतं.

मेलिसा बोलली ती त्यानंतर चौदा महिन्यांनी. जानेवारी 1993, बिल क्लिंटन राष्ट्राध्यक्ष झाले त्याच्या समारंभांमधला एक समलिंगी लोकांनी आयोजित केलेला बॉल, म्हणजे नाचगाण्याचा कार्यक्रम, वॉशिंग्टनमध्ये होता, तिथे ती स्टेजवर गेली आणि आपण लेस्बियन आहोत, त्याचा अभिमान आहे असं सरळ सांगून टाकलं. के. डी. लँग, कॅनडाची गायिका, जी आदल्याच वर्षी उघडपणे बोलली होती, ती तिथे होती. प्रेस कॉन्फरन्स नाही, आधी ठरवलेली मुलाखत नाही. पुढच्याच महिन्यात तिला पहिलं ग्रॅमी मिळालं आणि सप्टेंबरमध्ये ‘येस आय अ‍ॅम’ हा अल्बम आला. अमेरिकेत त्याच्या 60 लाख प्रती गेल्या, दोन वर्षांहून जास्त काळ तो तिथल्या चार्टवर होता, 1995 मध्ये आणखी एक ग्रॅमी. मी तिला पहिल्यांदा ऐकलं ते ह्याच गाण्यांमधून, नव्वदच्या दशकात, केबलवरच्या म्युझिक चॅनलवर, आणि तेव्हा मला तिच्याबद्दल काहीही माहीत नव्हतं, फक्त हा आवाज खोटं बोलत नाहीये असं वाटलं होतं.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. बघा, ती बोलली आणि उलट जास्त यशस्वी झाली, म्हणजे उघडपणे बोललं की चांगलंच होतं, हा युक्तिवाद मला करायचा नाहीये. तो धोकादायक आहे, कारण मग ज्यांचं वाटोळं झालं त्यांचं काय? बोलण्याआधी तिच्या हातात तीन अल्बम होते, कंपनी मागे होती, ती गोरी होती, मोठ्या शहरात राहत होती, कोणी घराबाहेर काढेल ही भीती नव्हती. कॅन्ससच्या गावातल्या सतरा वर्षांच्या मुलीला किंवा आपल्या लातूर-बुलढाण्यातल्या मुलीला ‘मेलिसाने सांगितलं ना, मग तू पण सांग’ म्हणणं हा निव्वळ क्रूरपणा आहे. अल्बम सपशेल पडला असता तरी तिचं बोलणं बरोबरच असतं, ते बरोबर ठरायला 60 लाख प्रतींची गरज नव्हती.

आता मुख्य मुद्दा. ज्या क्लिंटनच्या समारंभात ती बोलली त्याच क्लिंटनच्या सरकारने त्याच वर्षी लष्करासाठी एक धोरण आणलं, वरिष्ठांनी विचारायचं नाही आणि सैनिकाने सांगायचं नाही. समलिंगी असाल तर असा, पण तोंड उघडायचं नाही, उघडलंत तर नोकरी गेली. हे धोरण वाचून बघा, ‘आम्हाला प्रॉब्लेम नाही, खासगी ठेवा’ हे आपलं समजूतदार वाक्य जसंच्या तसं सरकारी कागदावर उतरलेलं आहे. तडजोड म्हणून आणलं होतं, पूर्वीच्या सरसकट बंदीपेक्षा हे सौम्य आहे असं सांगितलं गेलं. काय झालं? 2011 मध्ये ते रद्द होईपर्यंत 13 हजारांहून जास्त सैनिकांना घरी पाठवलं गेलं. कोणाचं पत्र सापडलं, कोणी सहकाऱ्याने जाऊन सांगितलं, कोणाचा फोटो दिसला. गप्प राहिलात तर सुरक्षित राहाल हे आश्वासनच खोटं निघालं, कारण गप्प राहणं तुमच्या एकट्याच्या हातात नसतं, आजूबाजूचे सगळे गप्प राहिले तरच ते टिकतं.

आणि दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात ठळकपणे दिसते. खासगी बाब म्हणताना आपण विसरतो की ही बाब सार्वजनिक केली ती कायद्याने, तिने नाही. ज्या कॅन्ससमध्ये ती जन्मली तिथे दोन प्रौढ बायकांनी किंवा दोन पुरुषांनी बंद दाराआड संमतीने एकत्र येणं हा 2003 पर्यंत गुन्हा होता, तोच संबंध स्त्री-पुरुषात असेल तर नाही. तोपर्यंत तिच्या दोन ग्रॅमी घेऊन झाल्या होत्या. 1996 मध्ये क्लिंटन यांनीच सही करून कायदा केला की केंद्र सरकारच्या लेखी लग्न म्हणजे फक्त एक पुरुष आणि एक स्त्री. आणि मग 2008, कॅलिफोर्निया. जूनमध्ये समलिंगी लग्नं कायदेशीर झाली आणि नोव्हेंबरमध्ये प्रपोझिशन 8 नावाने ती बंद करावीत का ह्यावर मतदान घेतलं गेलं, मतपत्रिकेवर, राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीबरोबर, आणि साधारण 52 टक्के लोकांनी बंद करा म्हटलं. ज्या नात्यावर लाखो अनोळखी लोक रांगेत उभे राहून मत देतात ते नातं खासगी आहे असं त्या नात्यातल्या बाईला कुठल्या तोंडाने सांगायचं?

मेलिसा तेव्हा भयंकर चिडली होती. मी पूर्ण नागरिक नसेन तर ह्या राज्याचा इन्कम टॅक्स का भरू, असं तिने लिहून जाहीर केलं. मला स्वतःला तिचं हे पटत नाही, टॅक्समधून शाळा चालतात, दवाखाने चालतात, रागाच्या भरात ते सोडून देता येत नाही. पण तिचा प्रश्न चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. वसुलीच्या वेळी तुम्ही नागरिक आणि हक्काच्या वेळी तुमची खासगी बाब, हे गणित कुठेच जुळत नाही.

आपल्याकडेही हेच. कलम 377 हे 1860 च्या दंडसंहितेतलं, इंग्रजांनी लिहिलेलं. 2009 मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना लागू नाही म्हटलं, 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला, आणि 6 सप्टेंबर 2018 ला पाच न्यायाधीशांनी एकमताने ते संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले. इतकी वर्षं फौजदारी कायद्याच्या पुस्तकात जे छापलेलं होतं ते खासगी कसं? आणि मधे 2017 मध्ये पुट्टास्वामी खटल्यात सुप्रीम कोर्टाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, त्यात लैंगिक कल हा त्या हक्काचा भाग आहे हेही स्पष्ट लिहिलं. तो निकाल मला फार मोलाचा वाटतो कारण त्याने खासगीपणा कोणाच्या मालकीचा हे ठरवून टाकलं. तो त्या व्यक्तीचा. सांगायचं, नाही सांगायचं, आईला सांगायचं आणि ऑफिसात नाही सांगायचं, वीस वर्षांनी सांगायचं, हे सगळं तिने ठरवायचं. त्यामुळे तिच्या परवानगीशिवाय दुसऱ्याने बोभाटा करणं जेवढं चूक तेवढंच तिने बोलल्यावर ‘कशाला बोललीस’ म्हणणंही चूक, दोन्हीकडे तिचा निर्णय दुसराच कोणीतरी घेतोय.

ह्यावर एक आक्षेप येतो आणि तो मी गंभीरपणे घेते. एकदा दार उघडलं की मग सगळंच रस्त्यावर येतं, लोक थांबत नाहीत. मेलिसाच्या बाबतीत ते झालं. ज्युली सायफर ही तिची तेव्हाची जोडीदार, दोन मुलं झाली, 1997 आणि 1998 मध्ये, ज्युलीच्या पोटची. मुलांचे वडील कोण ह्यावर वर्षानुवर्षं पेपरांमध्ये अंदाज छापून येत होते, शेवटी 2000 च्या सुरुवातीला रोलिंग स्टोन मासिकाच्या कव्हरवर ते नाव आलं, गायक डेव्हिड क्रॉसबी. त्याच वर्षी ज्युली आणि ती वेगळ्या झाल्या आणि तेही सगळ्या जगासमोर. पुढे तिने आत्मचरित्रात इतकं काही लिहिलं की वाचताना मला काही ठिकाणी वाटलं, हे नसतं लिहिलं तरी चाललं असतं. 2020 च्या मे महिन्यात तिचा मुलगा बेकेट ओपिऑइडच्या, म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामक औषधांच्या, व्यसनात एकविसाव्या वर्षी गेला, आणि तेव्हा कोणीही खासगी शोक मागितला असता तरी तिने कारण लपवलं नाही, त्या व्यसनावरच्या संशोधनासाठी फाउंडेशन काढलं. हे सगळं सोसणं सोपं नसणार. पण स्त्री-पुरुष जोडप्यातल्या स्टारची लग्नं, घटस्फोट, मुलं पण अशीच चघळली जातात, त्याला उपाय पत्रकारांनी सभ्यपणे वागावं हा आहे, एका गटाने गप्प बसावं हा नाही.

आणि मोकळेपणाची एकदा सवय लागली की तो दुसऱ्या जागीही उपयोगी पडतो, हे तिच्याकडे बघून मला कळलं. ऑक्टोबर 2004 मध्ये तिला ब्रेस्ट कॅन्सर झाल्याचं कळलं, ऑपरेशन, केमो. फेब्रुवारी 2005 च्या ग्रॅमीत जॅनिस जॉप्लिन ह्या जुन्या रॉक गायिकेला मानवंदना होती, गायिका जॉस स्टोनबरोबर मेलिसा स्टेजवर आली, डोक्यावर एक केस नाही, विग नाही, रुमाल नाही, हातात गिटार, आणि अंगात त्राण नसताना असा आवाज लावला की आजही तो व्हिडिओ बघताना अंगावर काटा येतो. इंडिया आरी ही गायिका म्हणाली आहे की ते बघून तिला केसांबद्दलचं तिचं गाणं सुचलं. आपल्या घरांमध्ये कॅन्सर झालेल्या बायका आजही स्कार्फ बांधून, शेजारणींना ‘जरा बरं नव्हतं’ सांगून दिवस काढतात. ते स्टेज बघितलेल्या कित्येकींना तेव्हा बळ मिळालं असणार. बारा वर्षं आधी वॉशिंग्टनमध्ये ती जशी उभी राहिली तशीच इथेही उभी राहिली, ह्या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटतच नाहीत.

मराठीला हा विषय नवा आहे असंही नाही. विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ रंगमंचावर आणलं ते 1981 मध्ये, रोहिणी हट्टंगडींनी त्यातली समलिंगी मुलगी उभी केली, म्हणजे मेलिसा कॅलिफोर्नियाला पोचायच्याही आधी. नाटकातल्या मुलीसाठी आपण हळहळलो, पण खरी हाडामांसाची बाई समोर येऊन बोलली की आपल्याला तिच्या बोलण्याची गरज वाटेनाशी होते, ह्याचं मला वाईट वाटतं.

गरज आहे, आणि ती भावनिक तर आहेच पण कागदोपत्रीही आहे. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने समलिंगी लग्नाला मान्यता देणं संसदेवर सोडलं, आणि जोडपं म्हणून एकत्र मूल दत्तक घ्यायची परवानगीही तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने नाकारली. म्हणजे पुण्यात दोन बायका एकत्र राहून एखादं मूल वाढवत असतील तर कायद्याने ते एकीचंच, दुसरी त्या मुलाच्या शाळेच्या फॉर्मवर, हॉस्पिटलच्या फॉर्मवर कोणीच नाही. ऑगस्ट 2024 मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की अशा जोडप्यांना जॉइंट बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला काही अडचण नाही. चांगलं झालं, पण बँकेच्या काउंटरवर जाऊन ‘ही माझी जोडीदार, हिचं नाव लिहा’ हे कोणीतरी मोठ्याने बोलल्याशिवाय तो नियम वापरता येत नाही. हक्क घ्यायचा तर तोंड उघडावंच लागतं.

म्हणून आपल्या पेपरांना आणि तिच्याबद्दल लिहिणाऱ्या सगळ्यांनाच माझं एक सांगणं आहे. रॉक गायकाचा परिचय लिहिताना त्याची बायको, मुलं, लग्नाचं साल हे सगळं आपण न विचारता लिहितो आणि त्यात कोणाला जाहिरात दिसत नाही. मेलिसाबद्दल लिहाल तेव्हा तिचे अल्बम लिहा, ग्रॅमी लिहा, पर्यावरणावरच्या माहितीपटातल्या गाण्याला 2007 मध्ये मिळालेलं ऑस्कर लिहा, आणि त्याच परिच्छेदात, त्याच सहजपणे, हेही लिहा की 31 मे 2014 ला, प्रपोझिशन 8 कोर्टात पडल्यानंतर वर्षभराच्या आत, तिने लिंडा वॉलेमशी लग्न केलं.